खिशातले बिल्ले

मंगळवार, ३ सप्टेंबर

नवी वही. जुनी अर्धी कोरी असतानाच ही काढली, कारण आजपासूनचं काम वेगळं आहे आणि मला ते जुन्या रडगाण्यात मिसळायचं नाही.

काम असं आहे. घरोघरी ऑक्सिजन मशीन पुरवणारी संस्था. पाच डेपो, दोनशे बारा मशीनं, अठरा तंत्रज्ञ. डॉक्टर मागणी पाठवतात, डेपो मशीन काढतो, तंत्रज्ञ ते घरी बसवतो, नर्स आठवड्यातून एकदा बघून जाते. गरज संपली की मशीन परत येतं, साफ होतं आणि पुढच्या घरी जातं. आज हे सगळं एका प्लायवुडच्या फळ्यावर चालतं. त्या जागी मला वर्कफ्लो इंजिन उभं करायचंय. म्हणजे संस्थेच्या कामाचा चौकोन आणि बाणांचा नकाशा काढायचा आणि इंजिनाने तो वाचून एकेक पायरी पुढे सरकवायची. कोणी काय करायचं ते सांगायचं, झालं का ते विचारायचं, झालं नसेल तर दुसऱ्याला लावायचं. हे इंजिन एका जागी बसणारं नाही. पाचही डेपोंतल्या सर्व्हरवर ते पसरलेलं असेल आणि एक सर्व्हर बंद पडला तर बाकीच्यांनी त्याच्या हातातलं काम उचलायचं.

संचालकबाईंनी विचारलं, मोठ्या कंपनीतलं सोडून इकडे कशाला. मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. खरं कारण असं की मार्चमध्ये बाबा हॉस्पिटलात नऊ दिवस नुसते पडून होते. उपचार संपले होते. घरी नेण्यासाठी मशीन रिकामं होत नव्हतं. नऊ दिवस ते छताकडे बघत एवढंच म्हणायचे, घरी चल. त्या नऊ दिवसांचं मला उट्टं काढायचंय.

ते मशीन, क्रमांक ११८, आता आमच्या हॉलच्या कोपऱ्यात घुमत असतं. काटा दोन लिटरवर. बाबा मजेत आहेत.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

फळा बघितला. त्यावर पाच रकाने: मागणी, वाटप, गाडीत, घरी, परत. प्रत्येक मशीनचा एक पत्र्याचा बिल्ला, त्यावर ठोकून काढलेला आकडा, आणि बिल्ला खिळ्याला टांगलेला. मशीन जसं फिरतं तसा बिल्ला रकान्यांतून फिरतो. आमच्या शास्त्रात नकाशावरून फिरणाऱ्या अशा खुणेला टोकन म्हणतात आणि त्यावर जाडजूड ग्रंथ आहेत. इथे एका माणसाने ते डब्याचे पत्रे कापून केलंय.

तो माणूस म्हणजे बिल्लेकाका. सगळे हेच म्हणतात. एकवीस वर्षं हा फळा सांभाळतात. बोलणं कमी, चहा जास्त. मला ‘ताई’ म्हणाले आणि बसायला स्वतःची खुर्ची दिली.

बुधवार, ११ सप्टेंबर

दोन दिवस फळ्याशेजारी घड्याळ घेऊन बसले. कुठला बिल्ला किती वाजता कुठून कुठे गेला, सगळं टिपलं. दोनशे बारा बिल्ल्यांपैकी फळ्यावर एकशे त्र्याण्णवच भरले. बाकीचे कुठे, म्हणून विचारलं तर काकांनी शर्टाच्या खिशावर हात मारला. आत खुळखुळ झाली.

हे कुठल्या रकान्यातले, मी विचारलं. ते कुठल्याच रकान्यातले नाहीत, म्हणाले.

खोदून विचारल्यावर कळलं की रुग्ण गेला की त्या मशीनचा बिल्ला ‘घरी’मधून निघतो आणि ‘परत’मध्ये जायच्या आधी यांच्या खिशात मुक्काम करतो. किती दिवस, याला काही नियम नाही. कधी दोन, कधी सहा. का, तर म्हणाले, “लगेच नाही जाता येत, ताई.”

म्हणजे गाड्या कमी पडतात. दोन गाड्या वाढवून मागायच्या, नोंद करून ठेवली. पण एकोणीस मशीनं खिशात आणि हॉस्पिटलांत एकतीस माणसं वाट बघत पडलेली. मला बाबांचे नऊ दिवस आठवले आणि अंगाचा तिळपापड झाला.

गुरुवार, १९ सप्टेंबर

पाच दिवस एकाच प्रश्नावर डोकं फुटायची वेळ आली. एक काम एका सर्व्हरने हातात घेतलं आणि तो गप्प झाला. तो बंद पडला की नुसती लाइन तुटली? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. बंद पडला समजून दुसऱ्याने काम घेतलं आणि पहिला जिवंतच असला, तर एका दारात दोन तंत्रज्ञ उभे.

शेवटी मार्ग सापडला. काम हातात घेणाऱ्याला ताबा मिळेल, तोही वीस सेकंदांपुरता. जिवंत असेल तर मुदत संपायच्या आत त्याने ‘मी आहे’ असं कळवत राहायचं. कळवणं थांबलं तरच काम दुसऱ्याकडे. साधं आहे, पण कागदावर उतरायला पाच दिवस लागले.

तंत्रज्ञांनाही तोच कायदा, फक्त मुदती लांब. काम आलं की पंधरा मिनिटांत ‘सुरू’ दाबायचं. ‘सुरू’ दाबल्यावर चार तास. त्यात उरकलं नाही तर ‘मुदतवाढ’. इंजिनाचं पहिलं वचन मी भिंतीवर लिहून लावलंय: कुठलंही काम हरवणार नाही. दुसरं: मुदतीशिवाय कुठलीही पायरी नाही. मुदतीचा रकाना कोरा असला तर इंजिन नकाशा घेतच नाही.

घरी काटा तीनवर केलाय. मशीनची जाळी बदलायला झाली असावी.

सोमवार, ३० सप्टेंबर

बाबांना नकाशा दाखवला. बावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक त्यांनी बनवलं, चौकोन बघितले की त्यांचे डोळे अजून चमकतात. नाकातली नळी सावरत त्यांनी बोटाने सगळे बाण फिरून बघितले. मग म्हणाले, “ऑफ तास कुठाय?”

मी हसले. म्हटलं, बाबा, इंजिनाला ऑफ तास नसतो.

मग त्यांनी ती जुनी गोष्ट परत सांगितली. नवे मुख्याध्यापक आले आणि म्हणाले, प्रत्येक वर्गाला आठवड्यातला एक तास रिकामा कशाला, तिथे गणित घाला. बाबांनी घातलं नाही. बोलणी खाल्ली. पण कोणी बाई आजारी पडल्या, कोणा मुलाला बाहेर बसून रडायचं असलं, की तो तास कामी यायचा. “फुकट नाही जात तो,” बाबा म्हणाले. “बाकीचे तास त्याला टेकून उभे असतात.” एवढं बोलून त्यांना दम लागला. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी नकाशा गुंडाळला.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

आमच्या टेस्टरला मी शंकाबाई म्हणते. तिला ते आवडतं. ती सकाळी येते ती शंका घेऊनच. आज विचारलं, तंत्रज्ञ दारात गेला आणि मशीन आणताच आलं नाही तर?

मी म्हटलं, तीनच गोष्टी होऊ शकतात. काम सुरू, वाहन बिघाड, किंवा घरच्यांचं असहकार्य. बिघाड असेल तर इंजिन दुसऱ्या डेपोतून माणूस पाठवेल. असहकार्य असेल तर अर्ध्या तासाने पुन्हा पाठवेल.

“आणि रद्द?”

रद्दचं बटण काढून टाकलंय. दिलं तर कंटाळा आला की दाबतील. नकाशा बदलल्याशिवाय काम रद्द होणार नाही आणि नकाशा बदलायला दोघांच्या सह्या लागतील.

शंकाबाई पेन चावत राहिली. काकांना विचारलंस का, ते बिल्ले खिशात का ठेवतात, म्हणाली. विचारलं की. गाड्या नसतात म्हणून. एकवीस वर्षांची सवय, दुसरं काय.

शनिवार, १९ ऑक्टोबर

संचालकबाईंसमोर मांडणी. रुग्ण गेल्यापासून मशीन परत यायला आज सरासरी चार दिवस सात तास. त्याला मी ‘निष्क्रिय वेळ’ असं नाव दिलं. नव्या नकाशात नर्सने नोंद केल्यापासून चाळीस मिनिटांत तंत्रज्ञ दारात. टाळ्या पडल्या. बिल्लेकाका मागच्या रांगेत होते. त्यांनी टाळी वाजवली नाही, खिशावर हात ठेवून बसले होते. माणसाला वाईट वाटणारच. मी जाऊन बोलायला हवं होतं.

सोमवार, ४ नोव्हेंबर

इंजिन सुरू झालं. सकाळी नऊला पहिली मागणी आली आणि साडेअकराला मशीन एका म्हातारीच्या घरी घुमायला लागलं. मुद्दाम दुसऱ्या डेपोचा सर्व्हर बंद करून बघितला. बाकीच्या चौघांनी सव्वीस सेकंदांत त्याचं काम उचललं, एकही पायरी गळली नाही. मी बाथरूममध्ये जाऊन चक्क रडले. आनंदाने.

फळा उतरवला. काकांची बदली स्टोअरमध्ये, नळ्या आणि जाळ्या मोजायला. त्यांना स्टोअरचं लॉगिन दिलंय, त्यावरून काम उचलताही येतं.

बाबांना सांगितलं तर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला, बराच वेळ. काटा चारवर. हवा कोरडी झालीय.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

वाट बघणारे एकतीस होते, आज नऊ आहेत. दहा दिवसांत. बावीस माणसं घरी आपापल्या पलंगावर गेली. हा आकडा मी दिवसातून चारदा उघडून बघते.

एकच गोष्ट खटकते. असहकार्याच्या नोंदी चौदा झाल्या. एका बाईने नळी तंत्रज्ञाच्या अंगावर फेकली म्हणे. एक तंत्रज्ञ नोकरी सोडून गेला, कारण दिलं नाही. मला वाटतं ही मंडळी अंग चोरतात आणि घरच्यांच्या नावावर खपवतात. अर्ध्या तासाऐवजी वीस मिनिटांनी पुन्हा पाठवावं का, विचार करतेय.

दुपारी बिल्लेकाका टेबलापाशी आले. उभेच राहिले. म्हणाले, “ताई, त्या नकाशात एक खिसा ठेवता येईल का?”

मला हसू आलं. ते हसले नाहीत. पुढच्या आवृत्तीत बघू, म्हणाले मी. जेवताना घरी ही गंमत सांगितली. आईने पोळीचा तुकडा ताटातच ठेवला. बाबा म्हणाले, “तो माणूस मला भेटायला हवा होता.”

भेटू की कधीतरी, मी म्हटलं.

रविवार, २४ नोव्हेंबर

एक चमत्कारिक प्रकार. लॉगमध्ये, म्हणजे इंजिनाच्या नोंदवहीत, काही परतीची कामं स्टोअरच्या लॉगिनवरून ‘सुरू’ झालेली दिसतात आणि मग पूर्णच होत नाहीत. दर पावणेचार तासांनी ‘मुदतवाढ’. पहाटे तीनलाही. दोन-तीन दिवस असं चालतं आणि मग काम एकदम पूर्ण होतं. अशी अकरा कामं सापडली. माणूस असं करणार नाही, बहुधा आपोआप चालणारं कुठलंतरी स्क्रिप्ट अडकलंय. कारण शोधेपर्यंत बंदोबस्त म्हणून मुदतवाढ तीनदाच मिळेल असा बदल लिहिलाय. सोमवारी, ९ डिसेंबरला चढवायचा. शंकाबाईने सही केली नाही अजून. म्हणते, आधी बघू दे.

काटा पाचवर. या मशीनला त्यापुढे आकडा नाही. नर्स आता रोज येते. संस्थेची सेवा सुधारलेली दिसते.

बुधवार, ४ डिसेंबर

आई चार दिवसांपासून बाबांच्या पलंगाजवळ खुर्चीतच झोपते. मी म्हटलं, मी बसते, तू आत जा. नको म्हणाली. मशीनच्या आवाजाची सवय झालीय, आत झोप येत नाही म्हणाली.

बाबा आज फार बोलले नाहीत. एकदा डोळे उघडून विचारलं, नऊ जण होते त्यांचं काय झालं. सहा झाले, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “सगळे तास भरू नकोस गं.”

औषधांची गुंगी आहे. उद्या नर्सला विचारते.

शुक्रवार, ६ डिसेंबर

काल बाबा गेले. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी.

मला हे लिहायलाच हवं, नाहीतर डोक्यात फिरत राहील. म्हणून क्रमाने लिहिते.

आईने मला हाक मारली नाही. मी चहा घेऊन आले तेव्हा ती त्यांचा हात धरून बसली होती आणि मशीन घुमत होतं. मला वाटलं झोपलेत. आई म्हणाली, “कप ठेव खाली.”

साडेसातपर्यंत डॉक्टर आणि नर्स दोघंही येऊन गेले. डॉक्टरांनी बघितलं, नर्सने मशीन बंद केलं आणि तिच्या फोनवर नोंद केली. मी शेजारी उभी होते. त्या बटणाचा रंग मी निवडला होता, करडा. त्याच्यावर बोट पडताना बघितलं आणि तरीही माझ्या काही लक्षात आलं नाही.

नर्स गेल्यावर आईने उठून मशीन पुन्हा सुरू केलं. नळी उशीवर तशीच. म्हणाली, “आवाज राहू दे थोडा.”

आठ वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. मला वाटलं आत्या आली. दारात ढकलगाडी घेऊन एक तंत्रज्ञ. प्रशिक्षणात पहिल्या रांगेत बसायचा, मी ओळखलं, त्यानेही ओळखलं. आत त्याची नजर गेली आणि तो पांढराफटक पडला. पत्त्यावरून कळलं नाही हो मॅडम, म्हणाला. मी वाहन बिघाड टाकतो, तुम्ही जा आत.

त्याने चांगल्या मनाने टाकलं. इंजिनाने माझ्या शिकवणीप्रमाणे दुसऱ्या डेपोतून माणूस पाठवला. नऊ वाजून पाच मिनिटं. हा अनोळखी होता. मी म्हटलं नंतर या. त्याने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ‘नंतर’ असा पर्याय त्याच्या फोनवर नव्हता. मी ठेवला नव्हता. त्याने असहकार्य टाकलं आणि गेला.

तिसरा आला तेव्हा आम्ही बाबांना खाली नेत होतो. जिना अरुंद. तो ढकलगाडी घेऊन वर येत होता. वळणावर आम्ही समोरासमोर आलो. त्याने गाडी उभी केली, भिंतीला पाठ लावली, डोळे मिटून घेतले. बाबा त्याच्या छातीजवळून गेले. गाडीच्या दांड्यावर आमच्या संस्थेचं नाव होतं.

खाली आल्यावर आईने विचारलं, हे लोक परत परत का येतायत? चुकून, मी म्हटलं.

“चुकून एकदा येतं माणूस,” आई म्हणाली. “तीनदा म्हणजे कोणीतरी पाठवतंय.”

तिने मला उद्देशून म्हटलं नव्हतं. तिला माझ्या कामातलं तेवढं कळत नाही. मला मात्र तिथे रस्त्यावर उभं राहवेना. लाज वाटली, एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती. स्वतःच्या बापाच्या दारात मी स्वतः तीन माणसं पाठवली आणि त्यांना थांबवायचं बटणही मीच काढून टाकलं होतं.

चौथा आला नाही. का ते कळत नाही. इंजिन कुठेतरी अडकलं असावं. अडकू दे.

सोमवार, ९ डिसेंबर

सकाळी लॅपटॉप उघडला, मुदतवाढीचा बदल थांबवायला. आज तो चढायचा होता. तर शंकाबाईने आधीच रोखून धरला होता आणि खाली एका ओळीत लिहिलं होतं, आधी ११८चा लॉग बघ.

बघितला. गुरुवारी सकाळी साडेदहाला परतीचं काम स्टोअरच्या लॉगिनने उचललं होतं. ‘सुरू’. मग दर पावणेचार तासांनी मुदतवाढ. दुपारी सव्वादोन, संध्याकाळी सहा, रात्री पावणेदहा, दीड, पहाटे सव्वापाच. शुक्रवार, शनिवार, रविवार, तसंच. आज सकाळी सव्वाआठपर्यंत पंचवीस वेळा.

मी सर्व्हरसाठी जे लिहिलं होतं ते एक साठीचा माणूस उशाशी गजर लावून करत होता. ‘मी आहे, मी आहे.’ तो कळवत होता तोवर इंजिन दुसऱ्या कोणाला आमच्या दारात पाठवू शकत नव्हतं. आणि माझा बदल आधी चढला असता तर तिसऱ्या मुदतवाढीनंतर, शुक्रवारी पहाटे, पुन्हा बेल वाजली असती.

तशीच उठून स्टोअरमध्ये गेले. काका जाळ्या मोजत होते. डोळे तांबारलेले. उठून त्यांनी खुर्ची दिली. मी बसले नाही. नुसतं विचारलं, ती आधीची अकरा कामं तुमचीच ना.

“कळलं तेवढ्यांचं केलं,” म्हणाले. “सगळ्यांचं नाही झालं. मी एकटा.”

मला आधी का नाही सांगितलंत, विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं होतं. दोनदा.

मग ते स्वतःहून बोलले, नळ्या नीट लावता लावता. म्हणाले, घरात मशीन सहा-सहा महिने घुमत असतं. माणूस गेलं की घरचे ते लगेच बंद नाही करत, आवाज गेला की माणूस खरंच गेलं असं होतं. एक-दोन दिवस चालू ठेवतात, मग बंद करतात, मग पुसून कोपऱ्यात ठेवतात. पुसलं की समजायचं. मी फोन करायचो, कसे आहात एवढंच विचारायचो. तेच म्हणायचे, घेऊन जा.

“तुमच्या बाबांना आलं ना ११८,” ते म्हणाले, “ते पाच दिवस माझ्या खिशात होतं. एका शिंप्याच्या घरचं. त्याची बायको रोज मशीनवर हात ठेवून बसायची. तुमच्या नऊ दिवसांतले पाच माझे आहेत, ताई. रागवायचं तर रागवा.”

राग आला. खोटं कशाला लिहू, आला. बाबा छताकडे बघत होते ते पाच दिवस डोळ्यांसमोरून गेले. आणि त्याच वेळी आई दिसली, बंद केलेलं मशीन पुन्हा सुरू करताना. दोन्ही खरं होतं. कुणाचे पाच दिवस कुणाला द्यायचे हे माझ्या नकाशात कुठेच नव्हतं. मी त्याला निष्क्रिय वेळ म्हटलं आणि टाळ्या घेतल्या.

खुर्चीत बसले आणि रडले. काका चहा आणायला गेले.

दुपारी शंकाबाईला घेऊन नकाशा उघडला. ‘रुग्ण मयत’ आणि ‘मशीन परत’ यांच्या मधला बाण तोडला आणि एक चौकोन घातला: घरच्यांना विचारणे. करणारे: बिल्लेकाका आणि ते शिकवतील ते. मुदतीचा रकाना कोरा ठेवला. इंजिनाने नकाशा घेतला नाही. मुदतीशिवाय पायरी चालणार नाही, असा लाल अक्षरांत निरोप दिला. ती अक्षरं माझीच. ती अट सैल करायला संध्याकाळचे सहा वाजले.

संचालकबाईंना पटेना. घरचे हो म्हणालेच नाहीत तर मशीनं अडकून पडतील, पुन्हा एकतीस होतील. काका दारातूनच म्हणाले, “एकवीस वर्षांत एकाही घराने ठेवून घेतलेलं नाही, बाई.” एकतीसचे नऊ झाले ते गाड्या वाढवल्यामुळे आणि वाटप लवकर झाल्यामुळेही, ते आकडे मी दाखवले. सगळे नाही, पण बरेचसे. काही माणसं चार दिवस जास्त थांबतील, हे मी लपवलं नाही. शेवटी बाईंनी सही केली.

चौकोनाला नाव द्यावं लागतं. मी ‘ऑफ तास’ दिलं. शंकाबाईने पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

बुधवार, ११ डिसेंबर

काल सकाळी काकांचा फोन आला. आईला द्या म्हणाले. कसे आहात, जेवता का, एवढंच विचारलं. आई बोलली थोडं. फोन ठेवला आणि मशीनकडे बघत बसली. ते तिने रविवारी बंद केलं होतं. काल सकाळी पुसून ठेवलं होतं, चाकांसकट.

मग मला विचारलं, कोणी थांबलंय का याच्यासाठी?

मला तिच्यावर ओझं टाकायचं नव्हतं. पण खोटं बोलून एकदा झालं होतं. म्हटलं, हो, एकजण. हॉस्पिटलात आहे, आज सहावा दिवस.

आई सहा हा आकडा पुटपुटली. नऊ तिच्याही लक्षात होते.

“मग संध्याकाळी न्या म्हणावं,” ती म्हणाली. “दुपारभर राहू दे.”

तिने ते पुन्हा सुरू केलं. आम्ही दोघी दुपारभर हॉलमध्ये बसलो. ती बाबांचे शर्ट घडी करत होती, मी काहीच करत नव्हते. मशीन घुमत होतं, मधूनच उसासा सोडल्यासारखा आवाज करत होतं, मार्चपासून करत होतं तसंच. कोणी बेल वाजवली नाही.

पाचला काका स्वतः आले, सोबत तो पहिल्या रांगेतला तंत्रज्ञ. आईने काकांना पाणी दिलं. म्हणाली, यांना तुम्हाला भेटायचं होतं. काकांनी बाबांच्या पलंगाला हात जोडले. शर्टाच्या खिशातून ११८चा बिल्ला काढून त्यांनी आईच्या हातात दिला, आता हा लागत नाही म्हणाले. आईने तो चष्म्याच्या घरात ठेवला.

बटण तिनेच बंद केलं. सव्वापाचला काकांनी फोनवर ‘पूर्ण’ दाबलं. जिन्यावरून चाकांचा आवाज खाली गेला, गाडीचं दार लागलं.

घर एकदम गप्प झालं. आई पलंगावर बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, “पंखा लाव गं जरा.”

थंडी होती. मी लावला.